शंख म्हणजे लोकशाही, एवढंच पाठ केलं होतं मी

यंदा एमए इंग्रजीला अ‍ॅडमिशन घेतलेल्या पोरापोरींसाठी लिहितोय, विशेष करून जे माझ्यासारखे मराठी मिडियमचे आहेत आणि सोयाबीन सोंगणीच्या दिवसात ज्यांचं कॉलेज बुडतं. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, तालुक्याचं कॉलेज, सकाळची एसटी हुकली की दिवस गेला. इंग्रजी वाचायची भीती हळूहळू जाते हो, पण सिम्बॉलिझम, म्हणजे गोष्टीतली एखादी वस्तू दुसऱ्याच कशाचं प्रतीक असणं, या एका शब्दापायी माझा एक पेपर बॅक राहिला.

आम्हाला विल्यम गोल्डिंगची 'लॉर्ड ऑफ द फ्लाईज' होती, 1954 ची कादंबरी. गोष्ट तशी सोपी, युद्धाच्या काळात विमान पडतं, निर्जन बेटावर फक्त इंग्लिश शाळकरी पोरं उरतात, मोठं माणूस एकही नाही. राल्फ पुढारी होतो, जॅक शिकारीच्या मागे लागतो, आणि पिगी म्हणून एक जाडसर, दम्याचा, चष्मेवाला पोरगा आहे तो शहाणपणाचं बोलतो पण त्याचं कोणी ऐकत नाही. एवढं मला कळलं होतं. गाइडमध्ये एक तक्ता होता, शंख (जो वाजवून पोरं सभेला जमतात) म्हणजे लोकशाही, चष्मा (पिगीचा, ज्यानं आग पेटवतात) म्हणजे विज्ञान, डुकराचं मुंडकं (शिकारी पोरांनी काठीवर खोचलेलं) म्हणजे माणसातला सैतान, तो मी पाठ केला. पेपरात आलं की शंखाचं महत्त्व कादंबरीत कसं बदलत जातं ते लिहा. माझ्याजवळ एकच वाक्य होतं, तेच चार वेळा फिरवून लिहिलं.

खरं सांगू का, गाइडचं मला पटतच नव्हतं. शंख म्हटलं की माझ्या डोळ्यापुढे आजीचं देवघर यायचं, मग तो लोकशाही कसा, आणि हे ठरवलं कोणी? वर्गात विचारायची हिंमत झाली नाही. तुम्ही विचारा, पहिल्याच आठवड्यात विचारा.

बॅक लागल्यावर एका सरांकडे गेलो. ते म्हणाले, "तुमच्या ग्रामसभेत माईक कोणाच्या हातात असते?" म्हटलं सरपंचाच्या, नाहीतर सचिवाच्या. "आणि ज्याच्या हातात नाही त्याचं कोण ऐकते? आता अर्थ सोड, शंख कोणाच्या हातात आहे तेवढंच पाय." मग मी वहीत रकाने पाडले, पान नंबर, कोणाच्या हातात, दिसतो कसा, ऐकतं कोण. हे काम कंटाळवाणं आहे, मला आठ दिवस लागले, पण याच्याशिवाय दुसरा रस्ता मला तरी माहीत नाही.

पहिल्या प्रकरणात शंख वाजवायचा कसा हे पिगीला माहीत असतं, पण दम्यामुळे वाजवतो राल्फ, आणि पोरं पुढारी म्हणून निवडतात तेही राल्फलाच. दुसऱ्यात नियम होतो की शंख ज्याच्या हातात तो बोलणार, आणि त्याच प्रकरणात जॅक म्हणून मोकळा होतो की डोंगरावर शंख चालत नाही. पाचव्यात त्याचा रंग उडून तो पांढुरका झालेला आहे, आणि सभा मोडल्यावर राल्फला शंख फुंकायचीच भीती वाटते, कारण फुंकूनही पोरं आली नाहीत तर सगळंच संपलं. यात लोकशाही हा शब्द कुठंच नाही बघा, तरी काय चाललंय ते कळतं.

दहाव्या प्रकरणात मात्र अडकलो. तोवर जॅक फुटून वेगळी टोळी करून बसलेला असतो, ती टोळी रात्री हल्ला करते, पिगीला वाटतं शंख न्यायला आले, तर ते चष्मा घेऊन जातात आणि शंख तिथंच राहतो. हे मी आजीला सांगत होतो, ती अंगणात तूर पाखडत होती. तिनं हात थांबवला आणि म्हणाली, "त्या पोट्ट्याईले शंख कायले पायजे बाप्पा? चष्म्यानं विस्तव पेटते." मी वही घेऊन तिथंच बसलो. शंख चोरण्याइतकाही कामाचा राहिला नव्हता! पुढच्या प्रकरणात जॅकच्या टोळीतला रॉजर वरून दगड ढकलतो आणि पिगी मरतो तेव्हा त्याच्या हातातल्या शंखाचा चुरा होतो, पण तो निकामी आदल्या रात्रीच झाला होता.

चष्म्याचं एक सांगतो, हे मला दहावीच्या विज्ञानामुळे खटकलं. पिगीला लांबचं दिसत नाही, म्हणजे त्याचं भिंग अंतर्गोल, आणि अंतर्गोल भिंगानं उन्हाचे किरण पसरतात, आग लागतच नाही. आबांच्या वाचायच्या चष्म्यानं आम्ही लहानपणी कागद जाळायचो, ते भिंग बहिर्गोल. लेखकाची ही चूक बऱ्याच वाचकांनी दाखवलेली आहे. माझ्या मते तिच्यानं प्रतीक पडत नाही, कारण गोष्टीत तो चष्मा आग लावतो आणि म्हणूनच सगळ्यांना हवा असतो. पण तुमच्या लक्षात असं काही आलं तर दाबून ठेवू नका, उत्तरात लिहा.

दुसऱ्यांदा बसलो तेव्हा प्रश्न जवळजवळ तोच होता. मी सुरुवातच त्या रात्रीपासून केली, आजीचा प्रश्न इंग्रजीत लिहिला, तिथून मागे पहिल्या प्रकरणापर्यंत गेलो, आणि लोकशाही हा शब्द अगदी शेवटी एकदाच आला. पेपर निघाला.