गरम गाडी पुन्हा चालू होत नाही? थंड व्हायच्या आत तपासा

सकाळी एका सेल्फमध्ये चालू होणारी गाडी भर दुपारी पंधरा मिनिटं उभी केली की हटून बसते, आणि पाऊण तासाने काहीच झालं नाही अशी गुमान चालू होते. यावर मिळणारे सल्ले ठरलेले आहेत. बॅटरी बदला, प्लग बदला, नाहीतर ‘ऊन आहे हो, थोडं थांबा’. यातला शेवटचा सल्ला सगळ्यात वाईट. थांबलात की पुरावा गेला. गॅरेजमध्ये पोचेपर्यंत इंजिन निवतं आणि तिथला उस्ताद म्हणतो, “भिया, गाडी तो मस्त चल री है!” इंदुरात हे वाक्य मी चार वेगवेगळ्या गॅरेजांत ऐकलं आहे.

इंजिन बंद झाल्यावर बोनेटखालची उष्णता लगेच उतरत नाही, उलट चढते. पाण्याचा पंप थांबतो, समोरून येणारा वारा थांबतो आणि तापलेल्या ब्लॉकची धग आजूबाजूचे सेन्सर आणि प्लगला ठिणगी पुरवणारी कॉइल यांच्यात शिरते. म्हणून दोन मिनिटांत परत चालू केली तर चालू होते, दहा-वीस मिनिटांनी होत नाही, आणि तासाभराने पुन्हा होते. तुमची गाडी असंच वागत असेल तर पुढचं वाचा. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला असेल तर तो आजार वेगळा. तिथे सेल्फ मारत बसू नका आणि रेडिएटरचं झाकण तर अजिबात उघडू नका.

डिकीत मल्टिमीटर, जंपर केबल, पाण्याची बाटली, एक फडकं आणि ब्लूटूथचं ओबीडी डोंगल (गाडीच्या कंप्युटरचे आकडे मोबाइलवर दाखवणारं) ठेवा. मी सांगतोय ते इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाड्यांचं आहे.

आधी कान द्या. सेल्फ जोरात फिरतोय की कण्हतोय? नुसतं ‘टक्’ होत असेल किंवा सेल्फ जड फिरत असेल तर पेट्रोल-ठिणगीचा विचार सोडा. जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावून बघा. सेल्फ एकदम खणखणीत फिरला तर अर्थिंग खराब आहे: अर्थिंगची पट्टी काढा, घासा, कसा. फरक पडला नाही तर सेल्फ मारताना बॅटरीवरचे व्होल्ट बघा. साडेनऊच्या खाली उतरले तर बॅटरी, टिकून राहिले तर सेल्फचा सोलेनॉइड (त्याला करंट जोडणारा स्विच) किंवा त्याची वायर.

सेल्फ ठणठणीत, पण इंजिन पकडत नाही. चावी ऑन करा. चेक इंजिनचा दिवा लागलाच नाही तर मेन रिले (कंप्युटरला करंट देणारा स्विच) आणि फ्यूज बघा. दिवा लागला तर मागच्या सीटखाली दोनेक सेकंद पंपाची घरघर ऐकू यायला हवी. तीन वेळा चावी ऑन-ऑफ करून मग सेल्फ मारल्यावर चालू होत असेल, तर पेट्रोलच्या लाइनमधलं प्रेशर उतरतंय. पेट्रोलचा भपकारा येत असेल तर गाडी ओव्हर झाली आहे, म्हणजे इंजिनात जास्तीचं पेट्रोल साचलंय: ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून पाच-सात सेकंद सेल्फ मारा. बहुतेक गाड्यांत असं केल्यावर इंजेक्टर बंद राहतात आणि साचलेलं पेट्रोल निघून जातं. हे वारंवार होत असेल तर गळका इंजेक्टर शोधा, किंवा इंजिन तापलेलं असताना थंड असल्याचं सांगणारा कूलंटचा सेन्सर.

आता ती जागा, जिथे माझं एक पूर्ण वर्ष आणि एका नव्या पंपाचे पैसे गेले.

ओंकारेश्वराहून इंदूरला परतत होतो. जाताना वाटेतला भेरूघाट उतार असतो, येताना निमाडातून माळव्याच्या पठारावर चढायचं. मे महिना, एसी चालू, गाडीत पाच माणसं. चढ संपल्यावर सिमरोलला चहाला थांबलो आणि नंतर गाडी चालूच होईना. सेल्फ मारताना मागे कान लावला, तर पंप मुका. झालं, माझं निदान पक्कं: पंप गेला. इंदुरात येऊन नवा बसवला. पुढच्याच रविवारी पुन्हा तेच.

चूक अशी की पंप बंद का आहे, हे मी विचारलंच नाही. चावी ऑन केल्यावर कंप्युटर पंपाला दोन सेकंद करंट देतो, आणि त्यानंतर इंजिन फिरतंय असा सिग्नल मिळाला तरच देत राहतो. तो सिग्नल देतो क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा (क्रँकशाफ्ट) फिरतोय का हे बघणारा सेन्सर. तो मुका झाला की कंप्युटरच्या लेखी इंजिन उभंच आहे, मग पंपही बंद आणि ठिणगीही बंद. म्हणून पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही एकदम गायब असतील तर आधी क्रँक सेन्सर बघा. पंप आणि कॉइल एकाच मिनिटाला मरत नाहीत.

हे पकडायचं कसं? लोक सांगतात, सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलला नाही की सेन्सर गेला. हा सल्ला अर्धवट आहे. काही गाड्यांत सेन्सर धडधाकट असतानाही सेल्फवर तो काटा जागचा हलत नाही. म्हणून गाडी बरी असताना एकदा बघून ठेवा. त्यापेक्षा डोंगल लावून मोबाइलवर आरपीएम बघणं चांगलं. निरोगी गाडीत सेल्फवर दोनशे-तीनशेच्या आसपास आकडा दिसतो. आजारी गाडीत सेल्फ गरगर फिरतोय आणि मोबाइलवर शून्य. पी ०३३५ हा क्रँक सेन्सरच्या बिघाडाचा कोड दिसला तर उत्तमच, पण तो नाही म्हणून सेन्सरला सोडून देऊ नका. माझ्या गाडीत एकदाही आला नाही.

शून्य दिसलं की बोनेट उघडा. सेन्सर कुठे बसतो हे घरीच बघून ठेवलेलं असायला हवं: क्रँक पुलीजवळ किंवा गिअरबॉक्सच्या तोंडाशी. चावी काढून घ्या. ओलं फडकं सेन्सरवर तीन-चार मिनिटं धरा. बाटली ओतू नका. तापलेल्या एक्झॉस्टवर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो. सेन्सरपर्यंत गाडीखालूनच हात पोचत असेल तर जॅकवर गाडी चढवून रस्त्यात आत शिरू नका, हा प्रयोग घरी करा. फडक्यानंतर पहिल्या सेल्फला चालू झाली, तर निदान झालं.

तरी शंका असेल तर सेन्सर काढून मीटरवर घ्या. दोन तारांच्या चुंबकी सेन्सरचा रेझिस्टन्स साधारण काही शे ते हजार-दीड हजार ओहम असतो. माझ्याने गार असताना ८७० दाखवले, आणि त्या आकड्यामुळेच मी पहिल्यांदा फसलो होतो. दुसऱ्यांदा बायकोचा हेअर ड्रायर लावला. चार मिनिटांनी आकडा नाचला आणि मीटर तार तुटल्यासारखं, म्हणजे सर्किट उघडं दाखवू लागला. आतली बारीक तांब्याची तार तडकलेली असते. गार असताना टोकं टेकतात, तापल्यावर सुटतात. गार सेन्सर मोजून ‘ओके आहे’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. तीन तारांचा हॉल सेन्सर असेल तर मात्र ओहमवर काही कळत नाही, तिथे फडकं आणि डोंगलच.

नवा सेन्सर कंपनीचाच घ्या. मी आधी लोकल घेतला होता, दोन महिन्यांत परत तोच तमाशा. चुंबकाच्या टोकाला चिकटलेला लोखंडाचा कीस पुसा, कपलरमध्ये (वायर जोडायच्या खोबणीत) तेल नाही ना बघा, आणि वायर एक्झॉस्टला टेकणार नाही अशी बांधा.

सेन्सर ठीक निघाला, पेट्रोल येतंय आणि ठिणगी नाही, तर कॉइल. डिझेलवाल्यांनी इंजेक्टरची रिटर्न गळती (इंजेक्टरमधून टाकीकडे परत जाणारं डिझेल) मोजून घ्यावी.

काम झाल्यावर परीक्षा गॅरेजच्या दारात घेऊ नका. दुपारी दोनच्या उन्हात एसी लावून भेरूघाट उतरा, लगेच वळून वर या, गाडी बंद करा आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं थांबा. मग सेल्फ मारा. मी हे तीन रविवार केलं, आणि चौथ्या रविवारी घरच्यांना गाडीत घेतलं.