जुना ट्रॅक्टर सकाळी लवकर चालू होत नसेल तर आधी सायलेन्सरचा धूर बघा

जुना डिझेल ट्रॅक्टर सकाळी सेल्फ मारून मारून दमवतो आणि आपण थेट बॅटरी बदलायला निघतो. त्याआधी कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि सायलेन्सरकडे बघा.

इंजिन नीट फिरतंय पण धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेल पोचत नाही. बहुतेक वेळा डिझेलच्या लाइनने एअर धरलेली असते, म्हणजे पाइपात हवा अडकलेली असते.

१. टाकीत डिझेल आहे ना, कॉक उघडा आहे ना, ते बघा.
२. डिझेल फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू थोडा ढिला करून हातपंप मारा. फेस जाऊन डिझेलची सलग धार आली की पंप मारता मारताच स्क्रू आवळा.
३. मग डिझेल पंपावरच्या स्क्रूचंही तसंच.

रोज एअर धरत असेल तर फिल्टरचे वॉशर आणि टाकीकडून येणारा पाइप तपासा. नवं वॉशर अगदी स्वस्तात मिळतं.

पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, पेटत नाहीये. हीटर (सुरू करताना इंजिनातली हवा गरम करणारा) असेल तर तो तपासा. इंजिन मुळात हळूच फिरत असेल तर बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थिंगची वायर घासून घट्ट करा.

हीटर असलेल्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रे (इंजिन पटकन पेटावं म्हणून हवेच्या वाटेत मारतात तो फवारा) कधीच मारू नका, भडका उडतो.