अरुंद घरात जिना काढताना या चुका टाळा

आमच्या इंदूरला १५ बाय ५० चा प्लॉट नेहमीचाच. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, उजेड-वारा येणार तो पुढून आणि मागून. तरी नकाशात आधी हॉल, पार्किंग, बेडरूम ठरतात आणि उरलेल्या कोपऱ्यात जिना ढकलतात. सगळा घोळ इथून सुरू होतो. जिना आधी बसवा, मग खोल्या.

वरच्या मजल्यावर भाडेकरू ठेवायचा असेल तर जिना पुढे काढावाच लागतो. पण एरवी तिथे नको. रस्त्याकडचा उजेड पायऱ्यांवर जातो आणि हॉलमध्ये भरदुपारी ट्यूबलाइट लावावी लागते. घराच्या मध्यावर, बाजूच्या भिंतीला लागून घ्या. वर गच्चीवरच्या टॉवरला, म्हणजे जिन्यावरच्या खोलीला, खिडक्या ठेवा. मधल्या खोल्यांत उजेड उतरतो, आणि मे महिन्यात तापलेली हवा तिथूनच निघून जाते.

आकाराचा हिशेब कागदावर करा. नऊ इंची भिंती वजा जाता आत साडेतेरा फूट. वळून येणारा जिना साडेसहा फूट खातो, शेजारची खोली जेमतेम सात फुटांची. पलंग टाकला की कपाटाचं दार उघडत नाही. सरळ जिना तीन फुटांत बसतो. मजला साडेदहा फुटांचा असेल तर सात इंच उंचीच्या १८ पायऱ्या, पाय ठेवायला दहा इंची पाऊल, मध्ये तीन फुटांचा सपाट टप्पा. टप्पा आणि वरचा मजला धरता पावलं सोळाच लागतात: लांबी १६ फूट ४ इंच. पन्नास फुटांत ती मिळते. जागा वाचवायला नऊ इंची उभट पायऱ्या मुळीच करू नका, म्हातारी माणसं वर जाणं सोडतात. चढताना डोक्यावर सात फूट मोकळे राहतात ना, तेही स्लॅब पडण्याआधी मोजा.

आता रामबागेतल्या आत्याकडची गोष्ट. मिस्त्रीने सगळ्या पायऱ्या सात इंची ओतल्या, अगदी सारख्या. पुढे दोन्ही मजल्यांवर फरशीचा तीन इंची थर आला, पायऱ्यांवर मात्र दीड इंच. पहिली पायरी साडेपाच इंचांची झाली, शेवटची साडेआठ. आत्या रोज त्या शेवटच्या पायरीला अडखळायची. एकदा दुधाच्या पातेल्यासकट पडली, मनगट मोडलं. म्हणून फरशीची जाडी धरूनच पायऱ्या आखा. आधीच चुकलं असेल तर इलाज आहे: टप्प्यासकट प्रत्येक पायरीवर दीड इंचाचा थर चढवला की दोन्ही टोकं सात इंचांवर येतात. आत्याकडे दोन दिवसांत ते काम झालं, आणि भिंतीला कठडाही लावला.