रोवन ॲटकिन्सन बघायचाय? आधी कान लावा

एकांकिकेच्या तालमीला नवी मुलं आली की मी त्यांना रोवन ॲटकिन्सन बघायला लावते. ‘मिस्टर बीन’ बहुतेकांनी लहानपणीच पाहिलेला असतो. तरी तो मागे ठेवा. सुरुवात बोलणाऱ्या ॲटकिन्सनपासून करा, कारण त्याची जीभ किती कसलेली आहे हे कळल्याशिवाय त्याच्या गप्प बसण्याची किंमत कळत नाही.

‘ब्लॅकॲडर’ ही त्याची ब्रिटिश विनोदी टीव्ही मालिका काढा. १९८३ चं पहिलं पर्व सोडलंत तरी चालेल. तिथला एडमंड, म्हणजे ॲटकिन्सनचं पात्र, बावळट आहे. १९८६ च्या दुसऱ्या पर्वात रिचर्ड कर्टिसच्या जोडीला बेन एल्टन लिहायला आला आणि एडमंड धूर्त झाला. पहिल्याच भागात केट नावाची मुलगी पुरुषवेशात येते आणि नाव सांगते, बॉब. ॲटकिन्सन हे नाव कसं उच्चारतो ते चार वेळा मागे नेऊन ऐका. ओठ घट्ट मिटतात, श्वास दाबला जातो आणि मग ‘ब’ फुटतो. हा माणूस एरवी बोलताना अडखळतो; पात्रात शिरलो की अडखळणं नाहीसं होतं, असं त्यानंच सांगितलंय. मला तर त्या ‘ब’मध्ये त्याची सगळी मेहनत ऐकू येते. उच्चाराला कंटाळणाऱ्या प्रत्येक नटाला मी हा तुकडा ऐकवते.

मग तिसऱ्या पर्वातला डॉ. जॉन्सनच्या शब्दकोशाचा भाग बघा. इंग्रजीतला एकूण एक शब्द आपल्या कोशात आहे असं जॉन्सन सांगतो, आणि बटलर झालेला ॲटकिन्सन अत्यंत अदबीनं भलतेच शब्द जागच्या जागी घडवून त्याला ऐकवत राहतो. सबटायटल जरूर लावा, पण नजर त्याच्या चेहऱ्यावरच ठेवा. एक रेघही हलत नाही.

चौथं पर्व पहिल्या महायुद्धातल्या, १९१७ च्या खंदकातलं. त्याचे सहाही भाग क्रमानं बघा. थेट शेवटच्या भागावर उडी मारू नका; बॉल्ड्रिक, जॉर्ज, डार्लिंग या पात्रांबरोबर आधी दिवस काढलेले असले तरच तो शेवट आत जातो.

आता ‘बीन’. पहिला भाग १ जानेवारी १९९० चा. परीक्षेचा प्रवेश एकदा आवाजासह बघा, दुसऱ्यांदा आवाज बंद करून. शेजाऱ्याच्या पेपरात डोकावताना आधी बुबुळं जातात, मग मान, मग खांदे. हा क्रम कागदावर लिहून काढा आणि आरशासमोर करून बघा. त्याच भागात समुद्रकिनाऱ्यावर, काळा चष्मा लावलेल्या माणसासमोर पँट न उतरवता पोहायची चड्डी चढवण्याची खटपट आहे. तिथे एकही हालचाल फुकट जात नाही.

सिनेमांत फार वेळ घालवू नका. ‘फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल’मधला गोंधळलेला पाद्री आणि ‘लव्ह ॲक्चुअली’मधला दागिना बांधून देता देता गिऱ्हाइकाचा जीव काढणारा विक्रेता, हे दोन्ही छोटे तुकडे मात्र बघाच. ‘जॉनी इंग्लिश’ सवडीनं.

शेवटी २०१६-१७ चे ‘मेग्रे’चे चार टीव्हीपट लावा. पॅरिसचा पोलीस अधिकारी, तोंडात पाइप, विनोद नावालाही नाही. पहिलाच घ्या, ‘मेग्रे सेट्स अ ट्रॅप’, आणि तो समोरच्याचं बोलणं ऐकत असतो ते प्रसंग न्याहाळा. तोच चेहरा आहे, आणि सगळं काम डोळे करतात.