कंपाउंड नसलं तरी चालेल, पण आधी एवढं बघून ठेवा

सोलापुरात कुणी कुत्र्याचं पिल्लू द्यायला निघालं की घेणाऱ्याला पहिला प्रश्न ठरलेला: "कंपाउंड आहे का?" असेल तर माणूस पास, नसेल तर नापास. मला ही परीक्षाच पटत नाही. जुळे सोलापुरात, विजापूर रोडला चांगल्या ऐसपैस कंपाउंडात दिवसभर साखळीला बांधलेली, येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकून घसा बसलेली कुत्री कुणालाही दिसतील. आणि दोन खोल्यांच्या घरात, सकाळी पोटभर फिरून आलेलं कुत्रं दुपारभर फरशीवर पाय पसरून झोपलेलंही दिसेल. कंपाउंडमुळे कुत्रं गाडीखाली जात नाही, हरवत नाही, एवढं खरं. त्याला व्यायाम, शी-शूची शिस्त आणि माणसाची सोबत मात्र भिंत देत नाही. म्हणून तयारी भिंतीपासून नको, घड्याळापासून सुरू करा.

सकाळी कोण फिरवणार आणि संध्याकाळी कोण, ते पिल्लू यायच्या आधी ठरलेलं हवं. "आम्ही फिरवू" असं मुलं म्हणतात, आणि मनापासून म्हणतात. पण दहावीचं वर्ष उजाडलं की पट्टा आजोबांच्या हातात येतो. तीस किलोच्या लॅब्राडोरने मांजर बघून हिसका दिला की आजोबा रस्त्यावर, हे आत्ताच डोळ्यांसमोर आणा. मध्यम-मोठ्या कुत्र्याला दोन वेळा मिळून तासभर तरी चालणं लागतं. अंगणात सोडलं की ते आपलं आपण पळेल, हा भ्रम आहे. एकटं सोडलेलं कुत्रं चार कोपरे हुंगतं आणि फाटकाशी जाऊन बसतं, आणि तिथे बसून दूधवाल्यापासून कुरिअरवाल्यापर्यंत सगळ्यांवर भुंकायला शिकतं. लग्नसराईत, गावाला गेल्यावर, आजारपणात कोण बघणार, तेही नाव आत्ताच ठरवा. कुत्र्याला रोज फिरवायलाच हवं, याला कायद्याचाही आधार आहे: प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याच्या कलम 11 मध्ये जनावराला आखूड किंवा जड साखळीने वाजवीपेक्षा जास्त वेळ बांधून ठेवणं आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणं, हे दोन्ही गुन्हे म्हणून लिहिलेले आहेत. "आमचं कंपाउंड आहे" हे त्याला उत्तर होत नाही.

मग जात. आपण कर्नाटकाच्या सीमेवरचे, त्यामुळे मुधोळ आणि कारवानी कुत्र्यांचं आकर्षण इथे जुनं. बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कुत्र्यावर 2005 मध्ये टपाल तिकीटही निघालं. हे कुत्रं वासावर कमी आणि नजरेवर जास्त शिकार करतं. लांबवर शेळी किंवा ससा हलला की कान बंद आणि पाय चालू. त्याला चार फुटांची भिंत म्हणजे काहीच नाही; सहा फूट हवी, नाहीतर बाहेर पट्टा कधीच सोडायचा नाही. गंमत म्हणजे रोज दमवलं तर हेच कुत्रं घरात सगळ्यात शांत असतं, झोपाळूच म्हणा. हस्की, म्हणजे थंड मुलखातलं दाट केसांचं कुत्रं, त्याचा विषय मी एका वाक्यात संपवतो: सोलापुरात आणू नका. पग आणि बसक्या नाकाची इतर कुत्रीही इथल्या उन्हात धापा टाकतात. आपलं देशी पिल्लू या हवेला सगळ्यात सरावलेलं, शिवाय ते मिळायला पैसेही लागत नाहीत.

आता कंपाउंड असलंच तर ते बसून बघा. उभं राहून नव्हे, खाली बसून, पिल्लाच्या उंचीवरून. आपल्याकडे बऱ्याच प्लॉटांना शहाबादी फरश्या उभ्या रोवलेलं कुंपण असतं. दोन फरश्यांमधली फट माणसाला दिसत नाही, दीड महिन्याच्या पिल्लाला दरवाजासारखी दिसते. फाटकाखालची जागाही तशीच. तिथे खालच्या पट्टीला जाळी वेल्ड करून घ्या. काटेरी तार आणि भिंतीवरच्या काचा चोरासाठी असतील, पण उडी मारणाऱ्या कुत्र्याचं पोट त्यावरच फाटतं. उकरणारं कुत्रं असेल तर जाळी फूटभर जमिनीत गाडावी लागते. भिंतीला टेकून ठेवलेल्या विटा, जुना कूलर, पाण्याचं पिंप हे सगळे जिने आहेत, हलवा. कडी अशी हवी की ढकलून उघडणार नाही, आणि घरात येणाऱ्या प्रत्येकाला, गॅस सिलिंडरवाल्यालासुद्धा, फाटक लावायची सवय होईल अशी पाटी हवी.

याच फेरीत हौद बघा. नळाला रोज पाणी येत नसल्यामुळे आपल्या घरांत जमिनीखाली हौद असतोच, आणि पाणी आल्याच्या रात्री त्याचं झाकण उघडं राहतं. पिल्लू आत पडलं तर सरळ भिंतीवरून वर येऊ शकत नाही. जड झाकण आणि ते लावायची जबाबदारी कुणाची, हे दोन्ही ठरवा. कडेला लावलेली कण्हेर काढून टाका. तिचं पान, फूल, खोड सगळं विषारी आहे. धोत्रा आपोआप उगवतो, तोही उपटा. मोकळ्या प्लॉटांशेजारी राहत असाल तर गवत आणि दगडांचे ढीग साफ हवेत, तिथे नाग-घोणस निघतात. आणि एक गोष्ट भिंत कितीही उंच केली तरी सुटत नाही: नसबंदी न केलेल्या नराला माजावर आलेल्या मादीचा वास लागला की तो वाट काढतोच. किती महिन्यांचं झाल्यावर नसबंदी करायची, ते पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारा.

कंपाउंड नसेल, फ्लॅट किंवा भाड्याची खोली असेल, तर यादी निराळी. घरमालकाची परवानगी लेखी घ्या. सोसायटी असेल तर एवढं माहीत असू द्या की सोसायटीला कुत्रं पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या सूचना तशा आहेत. पण जिन्यातली घाण उचलायची जबाबदारी आपलीच, त्यासाठी पिशव्या पट्ट्यालाच बांधून ठेवा. बाल्कनीला जाळी आणि गच्चीचा कठडा पुरेसा उंच हवा. दाराच्या आत आणखी एक छोटं फाटक बसवलं तर बेल वाजली की बाहेर सटकणं थांबतं. पट्टा पाच-सहा फुटांचा, साधा. लांबत जाणारा गुंडाळीचा पट्टा सात रस्त्यासारख्या गर्दीत कामाचा नाही. गळपट्ट्यात दोन बोटं सहज जातील एवढी ढील आणि त्यावर आपला फोन नंबर. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, पुढे दरवर्षी डॉक्टर सांगतील तशी, आणि महापालिकेचा परवाना. नंबर, लस, परवाना, हे तिन्ही कंपाउंडवाल्यांनाही लागू आहे.

एका बाबतीत मात्र कंपाउंडवाल्यांचं पारडं जड, ते मान्य करायला हवं. लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत, पिल्लाला रस्त्यावर उतरवणं धोक्याचं. पार्वो हा पिल्लांना होणारा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा रोग, त्याचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. तोवर शी-शूसाठी स्वच्छ अंगण असलं तर सोय होते. ते नसेल तर गच्चीचा एक कोपरा वर्तमानपत्र किंवा मातीचा ट्रे ठेवून तयार करा. पण ज्या अंगणात आधीचं कुत्रं पार्वोने गेलं, त्यापेक्षा गच्ची शंभर पटींनी बरी.

फिरवायचा रस्ता आधी एकट्याने चालून बघा, कुत्र्याविना, ज्या वेळेला पुढे जाणार त्याच वेळेला. कुठल्या कोपऱ्यावर भटक्या कुत्र्यांची टोळी आहे, कुठे मटणाच्या दुकानाशी ती जमते, कुठल्या गल्लीत शांत वाट आहे, हे कळतं. त्यांना दगड मारून तात्पुरतं हटवाल, पण उद्या ती तुम्हाला ओळखून अंगावर येतील. लांब दोरी लावून मोकळ्या मैदानात पळवणं हा चांगला उपाय, फक्त नान्नजकडे गाडी वळवू नका. तिथे माळढोक अभयारण्य आहे, काळवीट आणि लांडगे आहेत. मोकळं पाळीव कुत्रं जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचा काळ ठरतं, आणि आजारही इकडून तिकडे जातात. त्या बाजूच्या द्राक्षबागेत फिरायला गेलात तर गळालेली द्राक्षं तोंडात जाऊ देऊ नका. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात.

उन्हाळ्याची तयारी फेब्रुवारीतच. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा अंगणातलं पत्र्याचं घरटं म्हणजे भट्टी, त्यामुळे दुपारी कुत्रं घरात, हा नियम कंपाउंड असो वा नसो. डांबरावर हाताची उलटी बाजू टेकवा. सात सेकंद ठेववत नसेल तर त्याच्या पंजांनाही ठेववणार नाही. पसरट माठात पाणी, सावलीत, दोन ठिकाणी. जोरात धाप, घट्ट लाळ, लाल हिरड्या, झोकांड्या दिसल्या तर साधं पाणी अंगावर ओतून, पंखा लावून थेट दवाखाना. त्यासाठी रात्री उघडा असणारा दवाखाना कुठला, तो नंबर आधीच फोनमध्ये हवा.

आवाजाची तयारी जानेवारीची. गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जानेवारीतल्या यात्रेत, होम मैदानावर शोभेचं दारूकाम असतं त्या रात्री आणि दिवाळीत सगळ्यात जास्त कुत्री सुटतात, कंपाउंडातून सुद्धा. घाबरलेलं कुत्रं एरवी न जमणारी भिंत पार करतं. त्या रात्री आतली खोली, बंद खिडकी, चालू पंखा.

पिल्लू कधी आणायचं, तर एप्रिल-मे शक्यतो टाळा. पाऊस लागल्यावर आणलंत तर गोचिडी आधीच बघा. म्हशींच्या गोचिडीचं औषध अंदाजाने पातळ करून पिल्लाला चोळणारे आपल्याकडे खूप आहेत. ते चाटून विषबाधा होते. पिल्लाचं वजन करा, डॉक्टरांना सांगा आणि त्या वजनाचं औषध आणा.