पान ११२ पासून सुरुवात करा : कथेतर लेखकाची मुलाखत कशी घ्यावी

पहिल्या मुलाखतीतला माझा पहिला प्रश्न मला अजून शब्दशः आठवतो. "लेखनाची प्रेरणा तुम्हाला कुठून मिळाली?" समोरच्या लेखिकेने अगदी मनापासून उत्तर दिलं. आजोबांचं पुस्तकांचं कपाट, शाळेतल्या बाई, पहिलं छापून आलेलं पत्र. घरी येऊन शब्दांकनाला बसले, तेव्हा लक्षात आलं की हेच सगळं, जवळजवळ याच क्रमाने, मी त्यांच्या दोन जुन्या मुलाखतींत वाचलं होतं. चाळीस मिनिटं त्यातच गेली होती.

ती मुलाखत तरली ती शेवटच्या क्षणी. निघता निघता मी त्यांचं खाणकामगारांवरचं पुस्तक उघडलं. म्हटलं, "पान ११२ वर तुम्ही लिहिलंय, मुकादमाच्या जुडग्यातल्या सगळ्या किल्ल्या गंजलेल्या, फक्त एक किल्ली घासून गुळगुळीत झालेली. हे तुम्ही स्वतः पाहिलंत की कुणी सांगितलं?" त्या उठल्या होत्या, त्या पुन्हा बसल्या. जुडगा त्यांनी तिसऱ्या भेटीत पाहिला होता, पण ती किल्ली कशाची हे विचारायचं राहून गेलं. त्यासाठी त्या पुन्हा एकदा तिथे गेल्या. ती औषधांच्या खोलीची निघाली. मग त्या वाक्यानंतर ही माहिती द्यायची की नाही, यावर त्यांनी आठवडाभर विचार केला आणि दिली नाही. कारण पुढच्या प्रकरणात ती खोली येणारच होती. पुढचा पाऊण तास त्या बोलत होत्या आणि मी जवळजवळ काहीच विचारलं नाही. छापली गेली ती हीच मुलाखत.

तेव्हापासून मी लेखकाच्या आयुष्यापासून सुरुवात करत नाही. त्याच्या एखाद्या वाक्यापासून करते. कादंबरीकाराला "हे सुचलं कसं?" विचारता येतं. कथेतर, म्हणजे खरं घडलेलं लिहिणाऱ्या लेखकाला विचारायचा प्रश्न वेगळा आहे : हे तुम्हाला कळलं कसं? त्याची सगळी कारागिरी या कळण्यात आणि कळलेल्यातलं काय ठेवलं, काय टाकलं यात असते.

तयारीला मी साधारण तीन आठवडे देते. लेखकाची किमान दोन पुस्तकं वाचायची, एक गाजलेलं आणि एक फारसं कुणी न वाचलेलं. वाचायला सुरुवात मागच्या बाजूने करा. ऋणनिर्देश, टिपा, परिशिष्टं. कुणाचे आभार मानलेत, कोणत्या दप्तरखान्यात किंवा ग्रंथालयात किती दिवस बसलेत, कुणाचं नाव बदललंय, हे तिथे कळतं. मग पेन्सिल घेऊन पुस्तक वाचायचं. समासात मी तीनच खुणा करते. 'क' म्हणजे हे कसं कळलं. 'ग' म्हणजे इथे काहीतरी गाळलंय. 'स' म्हणजे इथे लेखकाचा सूर बदललाय. 'ग' ची खूण करायला सगळ्यात अवघड आणि कामाला सगळ्यात मोलाची. चरित्रात नायकाच्या धाकट्या भावाचा उल्लेख तीन प्रकरणं येतो आणि चौथ्यापासून येतच नाही, तर तिथे काहीतरी घडलेलं असतं. एखादा मजकूर आधी मासिकात आणि नंतर पुस्तकात आला असेल तर दोन्ही शेजारी ठेवून वाचा. बदललेला एक परिच्छेद दहा प्रश्न देतो.

प्रश्न किती काढायचे? मी वीस लिहिते आणि त्यातले सहा पाठ करते. वही समोर उघडी ठेवून वाचत बसलं की समोरचा माणूस प्रश्नपत्रिका सोडवल्यासारखा बोलू लागतो. त्या सहांमधला एक नेहमी साधनांबद्दल असतो, कारण कामाच्या वस्तूंबद्दल बोलताना लेखक नेमकं बोलतात. अमेरिकी पत्रकार-लेखक गे टलीज धोब्याकडून आलेल्या शर्टांच्या घडीतले पुठ्ठे कापून त्यांवर टिपणं घेत आले. तिथलेच कथेतर लेखक जॉन मॅकफी संगणक येण्याआधी टिपणं टंकलिखित करायचे, कात्रीने त्यांच्या पट्ट्या कापायचे आणि विषयवार फोल्डरांत घालायचे. अशा उत्तराला पुढचा प्रश्न आपोआप जोडून येतो : मग त्या पट्ट्यांचा क्रम कसा ठरला? रचनेबद्दल थेट विचारलं तर गोलगोल उत्तर मिळतं. पट्ट्यांबद्दल विचारलं तर रचनाच हाती लागते. जमलं तर "दाखवता का?" असंही विचारा. वही, नकाशा, खाडाखोड केलेलं पान समोर आलं की आठवणी वेगळ्या येतात.

या बाबतीत माझा गुरू म्हणजे चरित्रकार रॉबर्ट कॅरो. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या लहानपणाबद्दल त्यांच्या भावाकडून कॅरोंना तेच ते किस्से मिळत होते. तेव्हा त्यांनी त्या भावाला जतन करून ठेवलेल्या जुन्या घरात नेलं, जेवणाच्या टेबलाशी तो लहानपणी बसायचा त्याच जागी बसवलं आणि स्वतः त्याच्या मागे, नजरेआड बसले. बापलेकांची त्या टेबलावरची भांडणं तिथे बाहेर आली. तुम्हाला प्रत्येक लेखकाला असं कुठे नेता येणार नाही, पण "हे प्रकरण लिहिलंत तेव्हा कुठे बसला होता, समोर काय होतं?" इतकं विचारता येतं. कॅरोंची दुसरी सवय तर सरळ उचलावी अशी आहे. मुलाखत घेताना गप्प राहण्यासाठी ते वहीत 'एसयू' लिहीत राहतात, म्हणजे शट अप. माझ्या वहीत मी 'थांब' लिहिते. उत्तर संपल्यासारखं वाटलं की मनात सातपर्यंत मोजते. खरं उत्तर बहुतेक वेळा पाचाच्या आसपास सुरू होतं.

लेखकाच्या जगण्याबद्दलही विचारायलाच हवं, फक्त मुलाखतीच्या मध्यावर, विश्वास बसल्यानंतर. एका पुस्तकाला सहा वर्षं लागली, तर त्या सहा वर्षांत घर कशावर चाललं? हा प्रश्न मी संकोच न करता विचारते. नव्याने लिहिणाऱ्या माणसाला हे कळणं फार गरजेचं असतं आणि ते त्याला कुणी सांगत नाही. दुसरा नाजूक प्रश्न पुस्तकातल्या माणसांचा. पुस्तक आल्यावर त्यांनी काय म्हटलं? कुणी बोलायचं थांबलं का? कुणाचं दुःख लिहून आपण नाव मिळवलं, हा सल चांगल्या कथेतर लेखकाच्या मनात असतोच. पण तो उकरून काढायचा नसतो. मी एवढंच म्हणते, "याबद्दल बोलावंसं वाटलं तरच बोला," आणि नकार आला तर दुसऱ्या वाटेने पुन्हा तिथे जात नाही.

ध्वनिमुद्रण दोन यंत्रांवर करा, परवानगी घेऊन. पंखा बंद करा. एवढं पुरे.

काहींना तोंडी बोलणं जमत नाही, तर लेखी उत्तरं चालतील का? चालतात. 'पॅरिस रिव्ह्यू' या इंग्रजी साहित्यिक नियतकालिकातली अमेरिकी पत्रकार-लेखिका जॅनेट माल्कम यांची २०११ ची मुलाखत बरीचशी ईमेलवरच झाली होती. फक्त तेव्हा वीस प्रश्न एकदम पाठवू नका. एक पाठवा, उत्तरातला एखादा शब्द पकडा आणि दुसरा पाठवा.

आता शब्दांकन. मला हे काम मुलाखतीइतकंच आवडतं आणि जपून करावं लागतं ते इथेच. तासाभराचं बोलणं उतरवायला मला चार-पाच तास लागतात. यंत्राने उतरवलेलं असलं तरी मी पुन्हा पूर्ण ऐकते, कारण यंत्र थबकणं टिपत नाही. मग प्रश्न येतो तो दुरुस्तीचा. बोलताना वाक्यं अर्धवट राहतात, पुन्हा पुन्हा येतात. ती नीट करायची, पण किती? माल्कम यांच्यावरच एका मनोविश्लेषकाने आपल्या तोंडी नसलेले शब्द घातल्याचा दावा लावला होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितलं की अवतरणातले शब्द बदलले एवढ्यानेच ते खोटं ठरत नाही, बदलाने अर्थामध्ये मोठा फरक पडला तर ठरतं. माझा नियम याहून कडक आहे. 'म्हणजे', 'काय आहे की' काढते, क्रम बदलते, दोन ठिकाणी सांगितलेलं एकत्र आणते. नवा शब्द घालत नाही. घालावाच लागला तर लेखकाला विचारते.

आणि मसुदा लेखकाला दाखवा. पत्रकारितेत हे निषिद्ध मानतात, बातमीपुरतं ते योग्यही आहे. पण कारागिरीबद्दलच्या मुलाखतीत लेखक आरोपी नसतो. १९५३ साली इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांच्यापासून सुरू झालेल्या 'पॅरिस रिव्ह्यू'च्या मुलाखतमालेत लेखकाला मजकूर वाचून सुधारू देण्याची प्रथा आहे, आणि त्या मुलाखतींचा नेमकेपणा पुष्कळसा त्यातूनच येतो. माझ्या त्या पहिल्या मुलाखतीतल्या लेखिकेने माझ्या मसुद्यात एकच शब्द बदलला होता. मी 'चकचकीत किल्ली' असं लिहून गेले होते, त्यांनी 'गुळगुळीत' केलं. मी ध्वनिमुद्रण पुन्हा लावून पाहिलं. शब्द त्यांचाच बरोबर होता. खुशामतीचे बदल मागणारेही भेटतात. म्हणून आधीच, पहिल्या पत्रात लिहून टाका : चुका आणि अर्थ सुधारता येईल, केलेलं विधान बिनकारण मागे घेता येणार नाही, आणि दहा दिवसांत उत्तर हवं.

यंत्र बंद केल्यावर दारात जे बोललं जातं ते फार वेळा सगळ्यात छान असतं. ते तुमचं नाही. हवं असेल तर तिथेच विचारा, "हे घेऊ का?"

मूळ ध्वनिमुद्रण पुसू नका. फाइलच्या नावात तारीख घाला आणि प्रत दुसरीकडे ठेवा. सात वर्षांनी एका लेखकाचा मला फोन आला. सोडून दिलेल्या एका पुस्तकाचा आराखडा त्यांनी माझ्याशी बोलताना सांगितला होता, तो त्यांच्याकडे कुठेच लिहिलेला नव्हता. ते पुन्हा त्या पुस्तकाला बसले होते. मी एकेचाळिसाव्या मिनिटापासूनचा तुकडा कापून त्यांना पाठवला.