बडोद्याला लग्नाला येताय? मग सोमवारचं आधी बघा

दर लग्नसराईत आमच्याकडे तेच होतं. लग्न रविवारचं. पाहुणे शनिवारी येतात, हॉलवर पडून राहतात आणि म्हणतात, "सोमवारी राजवाडा बघू, मग सरदार पटेलांचा पुतळा." आणि सोमवारी नेमकं दोन्ही बंद. माझ्या चुलतभावाच्या लग्नात वरपक्षाच्या तीन मावश्यांना मीच मोठ्या ऐटीत लक्ष्मी विलासच्या फाटकापर्यंत नेलं आणि पहारेकऱ्याच्या तोंडून वार ऐकून परत आणलं. तेव्हापासून पत्रिका हातात पडली की मी आधी वार बघतो.

तिकीट काढताना. रेल्वेच्या यादीत बडोदा शोधू नका, वडोदरा शोधा. नाव 1974 साली बदललं, स्टेशनचा कोड मात्र अजून बी.आर.सी. आहे. मुंबईहून अंतर साधारण 400 किलोमीटर, गाड्या ढीगभर. मुंबईकडून येताना विश्वामित्री नावाचं छोटं स्टेशन आधी लागतं, तिथे बॅगा काढून दारात उभं राहायची घाई नको. उतरण्याआधी यजमानांना एकच गोष्ट विचारून घ्या: अलकापुरीच्या बाजूने बाहेर यायचं की सयाजीगंजच्या? चुकीच्या बाजूला उतरलात की न्यायला आलेला भाचा एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे.

बॅग भरताना. गुजरातेत दारूबंदी आहे, 1960 पासून, आणि ती फक्त कागदावरची नाही. बाहेरच्या राज्यातून येणाऱ्याला परमिट मिळतं, ते ऑनलाइन काढून परवाना असलेल्या हॉटेलातल्या दुकानातून रीतसर घ्यावं. पण "भाओजींसाठी एक बाटली" साडीत गुंडाळून आणू नका. ऐन सीमांतपूजनाच्या वेळी पोलिसचौकीत फेऱ्या मारायची हौस नवरदेवाच्या काकांनाही नसते.

आणखी एक, सपाट चपला घ्याच. संगीत म्हणून जे काही छापलेलं असेल, ते दहाव्या मिनिटाला गरबा होतं. मराठी घर असो की गुजराती. दोन टाळ्यांचा आणि तीन टाळ्यांचा, एवढे दोन प्रकार आले की कुणी तुम्हाला वर्तुळातून बाहेर काढत नाही. चुकलात तर आतल्या रांगेत शिरू नका, बाहेरच्या रांगेत सगळेच चुकत असतात.

शनिवार राजवाड्याला द्या. सकाळी गाडीतून उतरून आंघोळ केली की थेट लक्ष्मी विलास. 1890 साली पूर्ण झालेला हा वाडा आराखडा करणाऱ्या मेजर मांटला पुरा झालेला बघता आला नाही, काम चिझमने तडीला नेलं. गायकवाड घराणं अजून तिथे राहतं, म्हणून काही भागच उघडा असतो. दरबार हॉलमध्ये गेल्यावर लगेच फोटो काढू नका. रंगीत काचांच्या खिडक्यांतून ऊन येतं, तेव्हा खालच्या फरशीवर बघा. पाहुणे वर मान करून झुंबरं बघत पुढे सरकतात आणि पायाखालचं सगळं राहून जातं.

आवारातच फतेहसिंह संग्रहालय आहे, तिकीट वेगळं. ते टाळू नका. राजा रविवर्म्याने सयाजीरावांसाठी केलेली चित्रं तिथे आहेत. लहानपणी दिनदर्शिकेवर बघितलेल्या देवी मूळ रंगांत समोर उभ्या राहतात, आणि आमच्या आजी तर हात जोडूनच पुढे जायच्या.

नाशिककडचे पाहुणे असतील तर त्यांना सांगायला विसरत नाही: हे सयाजीराव मालेगावजवळच्या कवळाण्याचे. 1875 साली दत्तक येऊन गादीवर बसले आणि 1906 साली त्यांनी संस्थानभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण लागू केलं.

दुपारी वेळ उरला तर कीर्ती मंदिरात नंदलाल बोसांची भित्तिचित्रं आणि रावपुऱ्याकडचा तांबेकर वाडा. वाडा चार मजली, लाकडी, भिंती चित्रांनी भरलेल्या. मुलं कंटाळली की सयाजीबागेत सोडा. बागेच्या दाराशी काळा घोडा आहे, मुंबईकरांनी हसून घ्यावं. विश्वामित्री नदीत मगरी आहेत, त्या खऱ्या. पुलावरून बघा, काठावर उतरू नका.

रविवारी लग्न. मठ्ठा आणि उंधियो एका ताटात आले तर नवल करू नका, हिवाळ्यात इथे तसंच असतं.

सोमवारी सकाळी सेव-उसळ. ही मिसळ नाही, एवढं आधी मनात पक्कं करा. उसळ पांढऱ्या वाटाण्याची, फिकट आणि जरा आळलेली. वर जाड शेव, कांद्याची पात, बाजूला पाव. लाल तरी आणि लसणाची चटणी वेगळी येते. आपली माणसं सवयीने सगळी तरी एकदम ओततात, शेवेचा लगदा होतो आणि डोळ्यांतून पाणी येतं. तरी चमचाचमचाने घ्या, पाव मोडून खा, शेव संपली की मागा, देतात.

मग रिक्षा सूरसागर तलावाशी सोडून पायी निघा. न्यायमंदिराची 1896 ची इमारत, लहेरीपुरा दरवाजा, तिथून सरळ मांडवी. रिक्षावाल्याशी मराठीत बोललात तरी चालतं, पण भाडं बसण्याआधी ठरवा.

हाताशी अख्खा दिवस असेल तर दोनच पर्याय. पावागड-चांपानेर साधारण 50 किलोमीटर, 2004 पासून जागतिक वारशाच्या यादीत. वर कालिकामाता, चढायला रोपवे. सगळे गडावरून थेट परत येतात, खालची जामी मशीद राहते. तिच्या कोरीव खांबांत तासभर सहज जातो. दुसरा पर्याय नर्मदेकाठचं गरुडेश्वर. टेंबे स्वामींनी 1914 साली तिथे देह ठेवला. घरात दत्तभक्त असतील तर पुतळा बंद असल्याचं त्यांना वाईटसुद्धा वाटणार नाही. सोमवार सोडून दुसऱ्या दिवशी गेलात तर 182 मीटरचा पुतळाही तिथून जवळच.

निघताना रावपुऱ्यातून दुलीरामचे पेढे आणि लीलो चिवडा. नावात चिवडा असला तरी पोहे शोधू नका. बटाटा, चणाडाळ, तीळ, बेदाणे, आणि सगळं ओलसर, आंबट-गोड-तिखट. तो तेल सोडतो, म्हणून पैठणीच्या बॅगेत ठेवू नका. आणि घेताना शेवटच्या दिवशीच घ्या, दोनतीन दिवसांत संपवावा लागतो. आमच्याकडे तो गाडी सुरतेला पोचेपर्यंतच संपतो.